बर्फाळ धावपट्टी आणि विमानांचे अपघात

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शास्त्र व गणित शिकवून निवृत्त झालेला साधा शिक्षक. विमानविद्येचा अधिकार मजकडे नाही. तथापि हा विषय मी बुद्ध्याच निवडला आहे. आज या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांची मुले शिकागो, बोस्टन, टोरांटो, म्यूनिक अशा ठिकाणी आहेत. सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण ऐन डिसेंबर-जानेवारीत आले की येथून आजी-आजोबा निघतात. परत आल्यावर त्यांची एक तक्रार हटकून ऐकावयास मिळते. "दोन तास विमानात नुसते बसवून ठेवले", "उतरता उतरता विमान पुन्हा वर नेले", "शिकागोस जावयाचे ते भलत्याच गावी उतरविले". हे असे का होते, याचा उलगडा करावा आणि तो करताना एका वैमानिकाची कथा आपणांपुढे ठेवावी, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. आपण कोकणातले आणि देशावरचे लोक. आपणांस बर्फ ठाऊक तो सरबतातला, नाहीतर मासळीवर पसरलेला. म्हणून आपल्या बोलण्यात एकाच शब्दावर सारे भागते. धावपट्टीच्या बाबतीत तसे भागत नाही. आकाशातून भुरभुरत पडणारे ते हिम. पाणी गोठून काचेसारखा थर होतो तो बर्फ. आणि पडलेले हिम अर्धवट वितळून पाण्यात मिसळले म्हणजे जो राड होतो, त्याला आज मी लगदा म्हणणार आहे. या तिघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. कोरडे, कडक थंडीतले, दाबून बसलेले हिम त्यातल्या त्यात बरे, चाकाला थोडीबहुत पकड देते. बर्फ वाईट. आणि वितळू लागलेला, वर पाण्याचा पातळ पापुद्रा आलेला बर्फ सर्वांत वाईट. मृगाच्या पहिल्या सरीत डांबरी रस्त्यावर सायकली कशा आडव्या होतात ते आपण पाहिले आहे. पुढे चार दिवस धो धो पाऊस झाला की रस्ता इतका घसरत नाही. बर्फाचेही असेच आहे. पारा पुष्कळ खाली असतो तेव्हापेक्षा तो शून्याच्या आसपास घुटमळत असतो तेव्हा धोका अधिक.

लगद्याची गोष्ट मात्र निराळी. तो दोन्ही बाजूंनी छळतो. विमान उतरताना तो घसरवितो आणि उडताना अडवितो. लावणीच्या वेळी चिखलणी केलेल्या खाचरातून ज्याने धावण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला याहून अधिक सांगणे नको. चाकापुढे लगद्याचा ढीग रेटावा लागतो, शिवाय चाकांनी उडविलेला लगदा विमानाच्या अंगावर आदळतो. हा अडथळा वेगाबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर अडथळा चौपट. म्हणजे विमानाला उडण्यासाठी जेव्हा वेगाची नितांत गरज असते, नेमका तेव्हाच लगदा त्याचे पाय अधिक घट्ट धरतो. अर्धा इंच लगदा म्हणजे आपल्या बोटाचे एक पेरही नव्हे. पण धावपट्टीवर त्याहून अधिक साचला असेल तर बहुतेक जेट विमानांना उड्डाणाची मनाई असते. हे ज्ञान आज पाठ्यपुस्तकात आहे. १९५८ साली ते नव्हते, आणि त्याची किंमत कशी मोजावी लागली ते आता सांगतो.

६ फेब्रुवारी १९५८. जर्मनीतील म्यूनिक शहराचा रीम विमानतळ. बेलग्रेडहून मँचेस्टरला निघालेले एक ब्रिटिश विमान तेल भरण्यासाठी तेथे उतरले होते. ते ॲम्बॅसॅडर जातीचे, दोन पंख्यांचे विमान होते. आत मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडातील नामांकित फुटबॉल संघ, त्यांचे व्यवस्थापक मॅट बझ्बी, काही वार्ताहर आणि इतर प्रवासी, कर्मचाऱ्यांसह एकूण चव्वेचाळीस माणसे होती. आदल्या दिवशी बेलग्रेडला सामना बरोबरीत सोडवून युरोपीय स्पर्धेच्या पुढच्या फेरीत गेल्याच्या आनंदात मंडळी परतत होती. विमानाचे प्रमुख होते कॅप्टन जेम्स थेन. प्रत्यक्ष सुकाणू त्या वेळी त्यांचे सहकारी कॅप्टन केनेथ रेमंट यांच्या हाती होते.

बाहेर हिम पडत होते. पहिल्यांदा विमान धावू लागले, तो इंजिनाचा आवाज बिघडला आणि दाब दाखविणारा काटा डोलू लागला, म्हणून त्यांनी धाव सोडून दिली. दुसऱ्यांदा तेच. प्रवाशांना उतरवून चहापाण्यासाठी आत नेले. स्थानिक अभियंत्याशी विचारविनिमय झाला. रात्रभर थांबून इंजिने नीट करून घेण्याचा मार्ग मोकळा होता. परंतु शक्तीची कळ हळूहळू पुढे सरकवली तर काटा डोलत नाही, असा अनुभव असल्याने तिसरा प्रयत्न करावयाचे ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शक्ती हळूहळू वाढवावयाची म्हणजे वेग यावयास अधिक अंतर लागणार, आणि विमान धावपट्टीच्या पार शेवटच्या भागापर्यंत जाणार.

तीन वाजून चार मिनिटांनी विमान तिसऱ्यांदा धावू लागले. ११७ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २१७ किलोमीटरपर्यंत वेग चढला. या वेगाला फार अर्थ आहे. प्रत्येक उड्डाणाला एक निर्णयाचा वेग ठरलेला असतो. त्याच्या आत काही बिघडले तर थांबता येते. तो ओलांडला की पुढे उरलेली पट्टी थांबण्यास पुरत नाही, उडावेच लागते. त्या दिवशी तो वेग ११७ होता आणि जमीन सोडण्यासाठी जेमतेम दोन नॉट अधिक हवे होते. ते दोन नॉट आलेच नाहीत. उलट काटा खाली येऊ लागला. ११२ झाले, मग १०५. थांबावयास जागा नाही आणि उडावयास वेग नाही, अशा अवस्थेत विमान पट्टीच्या टोकावरून पुढे गेले, कुंपण तोडून, रस्ता ओलांडून एका घरावर आदळले. पंख तुटला. मागचा भाग एका गोदामावर गेला. तेथे इंधन व टायर भरलेली मालमोटार उभी होती, तिचा स्फोट झाला.

तेवीस माणसे दगावली. त्यांत संघाचे आठ खेळाडू होते. डंकन एडवर्ड्स हा एकवीस वर्षांचा, ज्याच्यावर साऱ्या इंग्लंडची आशा होती, तो पंधरा दिवस झुंजून गेला. कॅप्टन रेमंटही काही आठवड्यांनी रुग्णालयात निवर्तले. गोलरक्षक हॅरी ग्रेग स्वतः बाहेर पडलेला असताना पुन्हा आत शिरला आणि एका गर्भवती स्त्रीला व तिच्या तान्ह्या मुलीला त्याने बाहेर काढले. त्या मोडक्या सांगाड्याला केव्हा आग लागेल याचा नेम नव्हता.

आता प्रश्न आला जबाबदारीचा. विमानतळ जर्मनीत, म्हणून चौकशी जर्मनीची. अपघातानंतर काही तासांनी तपासनीस आले, तेव्हा पंखांवर नवे हिम साचले होते आणि त्याखाली बर्फ सापडला. उड्डाणापूर्वी पंखांवरचा बर्फ काढवून घेणे हे विमानप्रमुखाचे कर्तव्य. पंखावर बर्फ असला तर त्याचा आकार बिघडतो आणि उचल कमी पडते, हे खरेच आहे. पुरावा म्हणून उड्डाणाच्या थोडे आधी घेतलेले एक छायाचित्रही पुढे आले, त्यात पंख पांढरे दिसत होते. निष्कर्ष निघाला की कॅप्टन थेन यांनी पंख साफ करून घेतले नाहीत, म्हणून अपघात झाला. लगदा गौण ठरला.

थेन म्हणत राहिले की पंखांवर धोका होईल असे काही नव्हते, विमान उचलण्याआधीच त्याचा वेग गळाला, आणि पंखावरचा बर्फ चाकांवर धावणाऱ्या विमानाचा वेग असा एकाएकी कमी करू शकत नाही. शिक्षक म्हणून मला या युक्तिवादाचे मोठे कौतुक वाटते. पंखाचा दोष असता तर वेग असूनही विमान उठले नसते. येथे वेगच गेला होता. वर्गातल्या हुशार मुलाने फळ्यापाशी येऊन दाखवावे इतकी ही गोष्ट सरळ आहे. पण सरळ गोष्ट मान्य व्हावयास अकरा वर्षे लागली. मधल्या काळात इंग्लंडात आणि अमेरिकेत धावपट्टीवर लगदा पसरून विमाने धावविण्यात आली, आणि लगद्याचा अडथळा समजुतीपेक्षा किती मोठा असतो याची मोजमापे हाती आली. त्या छायाचित्राची मूळ काच-प्रत तपासली, तेव्हा पंखांवर हिम दिसेना. उन्हाची चमक तेवढी होती. आणि म्यूनिकची धावपट्टी सुमारे एकोणीसशे मीटरची. त्या दुपारी उडालेली इतर विमाने तिचा शेवटचा भाग येण्याआधीच हवेत गेली होती. म्हणून अलीकडचा लगदा चाकांनी विस्कटलेला आणि पलीकडचा जसाच्या तसा. थेन यांचे विमान वेगाच्या शिखरावर असताना नेमके त्या अस्पर्श भागात शिरले.

१९६५-६६ मध्ये जर्मनीने प्रकरण पुन्हा उघडले, तरी मूळ निष्कर्ष कायम ठेवला. अखेर १९६८ साली ब्रिटनने एडगर फे या कायदेपंडितांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला. १९६९ मध्ये त्याचा अहवाल आला. लगदा हेच कारण, कॅप्टन थेन निर्दोष. तोवर त्यांची नोकरी केव्हाच गेलेली होती. बर्कशायर परगण्यात कोंबड्या पाळून ते गुजराण करीत होते. १९७५ साली हृदयविकाराने त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती. मला नेहमी वाटते की त्या अकरा वर्षांत त्यांच्या मुलांमाणसांना बाजारात जाताना काय ऐकावे लागले असेल. आपल्याकडे एखाद्या घरावर आळ आला तर शेजारपाजारची दृष्टी कशी बदलते ते ठाऊक असलेल्यांना हे सांगावयास नको.

येथवर उडण्याची गोष्ट झाली. उतरण्याचा हिशेब वेगळा, पण त्याचे बीजगणितही सोपेच आहे. जमिनीवर टेकलेले विमान तीन साधनांनी थांबते. पंखांवरच्या फळ्या उभ्या राहून हवा अडवितात आणि विमानाचा भार चाकांवर आणतात. इंजिनाचा रेटा उलट्या दिशेस वळविला जातो. आणि चाकांचे ब्रेक. कोरड्या पट्टीवर ब्रेकच मुख्य काम करतात. बर्फावर त्यांची पकड कित्येकदा दहाव्या हिश्श्यावर येते, मग उलट्या रेट्यालाच महत्त्व. शिवाय थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग एक दशांशाने अधिक तर अंतर एक पंचमांशाहून अधिक. समजा विमान हवेतून १३० नॉट वेगाने येत आहे. समोरून आठ नॉट वारा असेल तर जमिनीशी त्याचा वेग १२२. तोच वारा पाठीमागून असेल तर १३८. आकडे जवळचे दिसतात, पण त्यांचे वर्ग करून पाहा. अंतर सव्वापटीहून अधिक होते.

ही आकडेमोड ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर खरी ठरली. हा विमानतळ शहराच्या ऐन वस्तीत, जेमतेम एक मैल लांब व एक मैल रुंद चौकोनात बसविलेला. कुंपणाच्या पलीकडे लगेच वाहता रस्ता आणि घरे. बाल्टिमोरहून आलेले बोइंग ७३७ विमान हिमवृष्टीमुळे बराच वेळ आकाशात घिरट्या घालीत थांबले होते. आत १०३ माणसे. वारा पाठीमागून होता. तरीही त्याच दिशेने उतरणे भाग होते, कारण उलट दिशेने उतरावयास जेवढे दिसावे लागते तेवढे त्या संध्याकाळी दिसत नव्हते. आधी उतरलेल्या वैमानिकांचे सांगणे असे की पट्टीच्या पहिल्या भागात ब्रेक बरे लागतात, दुसऱ्या भागात वाईट.

वैमानिकांजवळ हिशेबाचे यंत्र होते. पकड वाईट धरली तरी विमान पट्टीत थांबेल, असे त्याने सांगितले. शिल्लक किती? पन्नास फुटांहूनही कमी. पण तेवढ्या घसरड्या पट्टीसाठी कंपनीने पाठवाऱ्याची मर्यादा पाच नॉट ठरविली होती, म्हणून यंत्राने प्रत्यक्षातला आठ नॉटांचा वारा न धरता पाचच धरला होता. शिवाय उलटा रेटा टेकताक्षणी सुरू होणार असेही गृहीत होते. वैमानिकांना या दोन्हींची नीट कल्पना नव्हती. स्वयंचलित ब्रेक ते त्या दिवशी पहिल्यांदाच वापरीत होते, त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले आणि उलटा रेटा पूर्ण सुरू व्हावयास अठरा सेकंद गेले. विमान कुंपण तोडून रस्त्यावर आले व एका मोटारीवर चढले. विमानातील कोणीही दगावले नाही. मोटारीत आईवडिलांबरोबर निघालेला सहा वर्षांचा मुलगा गेला. विमानात पाऊलही न टाकलेले ते पोर होते.

याआधी २३ जानेवारी १९८२ रोजी बोस्टनला असेच झाले होते. डीसी-१० हे मोठे विमान बर्फाळ पट्टीवर फार पुढे आणि वाजवीपेक्षा अधिक वेगाने टेकले आणि टोकावरून थेट बंदराच्या पाण्यात गेले. पट्टी किती घसरडी आहे याविषयीची ताजी माहिती नियंत्रकांनी त्या वैमानिकांपर्यंत पोचविलीच नव्हती. सर्व माणसे वाचली असे प्रथम जाहीर झाले. दोन-तीन दिवसांनी घरच्यांच्या चौकशीवरून उमगले की पुढच्या बाजूस बसलेले बापलेक यादीत हरवले आहेत. ते कधीच सापडले नाहीत. विमानाच्या यादीत आपले नाव बिनचूक आहे की नाही ते पाहून घ्या, असे मी प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकास सांगतो, ते याच कारणाने.

मिडवेनंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या. पूर्वी "बरे", "मध्यम", "वाईट" असे मोघम शब्द चालत. एकाचे मध्यम ते दुसऱ्याचे वाईट. परीक्षेच्या पेपरांवर नुसते "ठीक" लिहून गुण न देण्यासारखाच हा प्रकार. २०१६ पासून अमेरिकेत आणि नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने जगभर धावपट्टीला शून्य ते सहा असे गुण दिले जातात. कोरडी पट्टी सहा, नुसती ओली पाच, कडक थंडीत दाबून बसलेले हिम चार, साधे हिम बहुधा तीन, साचलेले पाणी किंवा लगदा दोन, बर्फ एक, आणि पाणी सुटलेला बर्फ शून्य. पट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला वेगळे गुण. म्यूनिकला हीच विभागणी असती तर शेवटच्या भागाची हकीकत कोणी तरी नोंदविली असती. शून्य गुण मिळाले तर ती पट्टी साफ होईपर्यंत बंद ठेवतात. आपली मंडळी विमानात खोळंबून बसतात ती बहुधा अशा वेळी.

दुसरा उपाय टोकाचा. पट्टीच्या पलीकडे मोकळी, सपाट जागा ठेवण्याचा नियम आहे. निदान नव्वद मीटर हवी आणि दोनशे चाळीस असावी अशी शिफारस. शहरात कोंडलेल्या विमानतळांना एवढी जागा आणावयाची कोठून? तेथे चाकाखाली चुरा होणाऱ्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा गालिचा अंथरतात. नदीच्या रेवेत बैलगाडीचे चाक रुतावे तसे विमानाचे चाक त्यात रुतते आणि विमान काही अंतरात उभे राहते. मिडवेला अपघातानंतर तो बसविण्यात आला. अमेरिकेत शंभराहून अधिक टोकांना तो आहे. जानेवारी २०१० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्स्टन येथे डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या पट्टीवर उड्डाण सोडून दिलेले एक विमान या गालिच्यात थांबले. पुढे खोल उतार होता. आतली चौतीस माणसे सुखरूप उतरली.

आपल्याकडे हिम नाही, पण पाणी आहे, आणि भरपूर आहे. १ जुलै २०१९ रोजी जयपूरहून आलेले विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पुढे चिखलात गेले व ती पट्टी काही दिवस बंद राहिली. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून कोळिकोडला आलेले विमान भर पावसात, पाठवाऱ्यात, पट्टीवर फार पुढे टेकले आणि टेकडीच्या टोकावरून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह एकवीस जण गेले. त्यांपैकी मुख्य वैमानिक महाराष्ट्राचेच, वायुदलात नाव कमावलेले. पुन्हा वर जाण्याऐवजी उतरणे चालू ठेवले, हे अहवालाने मुख्य कारण म्हटले आहे. त्याच संध्याकाळी ते एकदा वर गेलेही होते, हेही त्या अहवालातच आहे.

म्हणून उतरता उतरता विमान अचानक गर्जना करून वर उचलले गेले, तर शेजारच्या प्रवाशाबरोबर कुरकुर करू नये. पट्टा घट्ट आहे ना ते पाहावे. भलत्या गावी उतरविले तर मुलाला दूरध्वनी करून कळवावे. औषधांची पुडी मोठ्या पेटीत न टाकता खिशात ठेवावी, कारण असा खोळंबा रात्रभरही चालतो. आणि कधी दुर्दैवाने घाईने बाहेर पडण्याची आज्ञा झालीच, तर लोणच्याच्या बरण्यांची पिशवी वरच्या कप्प्यातच राहू द्यावी. तिच्यासाठी वाटेत थांबले की मागचे सगळे अडतात.

चिटणीस घड्याळाकडे पाहू लागले आहेत. यानंतर लहान मुलांचा कार्यक्रम आहे, तेव्हा मी आपली रजा घेतो. कोणास विमानाच्या वेगाचे गणित समजून घ्यावयाचे असेल तर भोजनोत्तर मी मागच्या पडवीत बसलेला असेन, खडूफळ्याची व्यवस्था मंडळाने केलेली आहे.